आपलेंच पत्र आपल्याला कां दिसत नाहीं?

कचेरींत काम केलेल्या माणसाला आवक आणि जावक या दोन वह्या चांगल्या परिचयाच्या असतात. जावक वहींत नोंद झाली म्हणजे पत्र आपल्या हातून निघालें, एवढेंच सिद्ध होतें. तें मुक्कामाला पोंचलें कीं नाहीं, हें त्या नोंदीवरून कळत नाहीं. त्यासाठीं पोच लागते. पूर्वीं रजिस्टर पत्राला जोडलेलें पोचपावतीचें कार्ड सही होऊन परत येई, आणि तें हातीं पडेपर्यंत शहाणा कारकून त्या प्रकरणाचे कागद बासनांत बांधीत नसे. आज आपला पुष्कळसा पत्रव्यवहार ई-मेलनें चालतो. त्यांतही निघाल्याची नोंद आणि पोंचल्याची खूण हीं दोन प्रमाणें निरनिराळीं आहेत. परंतु एका ठिकाणीं हें दुसरें प्रमाण आपल्या नजरेआड केलें जातें, आणि तसें केलें गेल्याची वार्ताही आपल्याला सहसा नसते. तें ठिकाण म्हणजे मेलिंग लिस्ट. आणि तें प्रमाण म्हणजे यादीवरून फिरून आपल्याकडे परत येणारें आपलेंच पत्र. या परत न दिसणाऱ्या पत्राविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम मेलिंग लिस्ट म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. कांहीं मंडळींचे पत्ते एका यादींत लिहून ठेवावयाचे, आणि त्या यादीलाच स्वतःचा एक पत्ता द्यावयाचा. त्या एका पत्त्यावर पत्र धाडलें, कीं यादी सांभाळणारा संगणक त्याच्या प्रती काढून प्रत्येक सभासदाकडे रवाना करतो. ही युक्ति नवी नाहीं. संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरचें पत्र दुसऱ्या यंत्रावर पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं केला, आणि १९७५ सालींच अमेरिकेंतील आर्पानेटवर 'मेसेज ग्रूप' या नांवाची मेलिंग लिस्ट सुरू झाली. तिचा विषयही ई-मेल हाच होता! त्या काळीं नांवें घालणें, काढणें हें काम यादीच्या चालकाला स्वतः करावें लागे. १९८६ सालीं पॅरिसमध्यें शिकणाऱ्या एरिक तोमा यांनीं 'लिस्टसर्व्ह' हा कार्यक्रम लिहून तें काम यंत्राकडे सोंपविलें. पुढें 'मेलमन' हा मुक्त कार्यक्रम आला, गूगल ग्रूप्सही आलें. गप्पागोष्टी आतां बव्हंशीं व्हॉट्सॲपवर गेल्या आहेत हें खरें. तरी ज्या मजकुराची नोंद रहावी असें वाटतें, त्या सभेच्या सूचना, ठराव, हिशेब आणि विद्वानांच्या चर्चा आजही यादीच्या मार्गानेंच पुष्कळदां जातात.

आतां मुद्द्याची गोष्ट. पत्र पाठविणारा स्वतः त्या यादीचा सभासद असेल, तर इतरांप्रमाणें त्यालाही त्याच्या पत्राची एक प्रत यावयास हवी. मेलमन या कार्यक्रमांत तर प्रत्येक सभासदाला तसा प्रश्नच विचारलेला असतो, कीं तुमचें स्वतःचें पत्र तुम्हांला हवें कीं नको. आणि कांहीं बदल केला नाहीं तर त्याचें उत्तर 'हवें' असेंच धरलें जातें. यादी त्याप्रमाणें प्रत धाडतेही. परंतु सभासदाचें खातें जीमेलवर असेल, आणि त्यानें पत्रही तेथूनच पाठविलें असेल, तर ती प्रत त्याच्या इनबॉक्समध्यें दिसत नाहीं. तो यादीच्या पानावर जाऊन 'हवें' हें उत्तर पुनःपुन्हां तपासतो. चालकाकडे तक्रार करतो. चालक आपली बाजू तपासून सांगतो कीं, प्रत गेली आहे. दोघेही खरें बोलत असतात. प्रत गेलेली असते आणि ती दिसत नसते.

हें कसें घडतें? प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर, आपल्याला एरव्हीं न दिसणाऱ्या ओळींमध्यें, एक खूण लिहिलेली असते. तिला मेसेज-आयडी म्हणतात. ई-मेलचें स्वरूप ठरविणारा जो दस्तऐवज १९८२ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतही तिची व्यवस्था आहे. ही खूण जगांतील दुसऱ्या कोणत्याही पत्रावर असूं नये, असा संकेत आहे. आपण उत्तर पाठवितों तेव्हां मूळ पत्राची खूण उत्तराच्या माथ्यावर उतरून घेतली जाते, आणि त्या धाग्यानेंच प्रश्न व उत्तरें एका माळेंत ओवलीं जातात. मेलिंग लिस्ट प्रती काढतांना सामान्यतः ही खूण बदलीत नाहीं. बदलली तर माळ तुटेल. म्हणून आपण धाडलेलें पत्र आणि यादीवरून परत आलेली प्रत या दोहोंवर एकच खूण असते.

जीमेलची सेवा १ एप्रिल २००४ रोजीं सुरू झाली, आणि पत्रें सुटीं न दाखवितां संभाषणाच्या रूपानें एकत्र दाखविणें हें तिचें आरंभापासूनचें वैशिष्ट्य आहे. तिनें असा नियम केला आहे कीं, ज्या खुणेचें पत्र खात्यांत आधींच आहे, त्याच खुणेचें पत्र पुन्हां आलें तर तें नवें धरावयाचें नाहीं. आपण पाठविलेलें पत्र 'सेंट' या कप्प्यांत पडलेलें असतेंच; मग परत आलेली प्रत ही त्याचीच पुनरावृत्ति मानली जाते, आणि इनबॉक्समध्यें ती वेगळी मांडली जात नाहीं. जीमेलनें ही गोष्ट लपवून ठेवलेली नाहीं. आपल्या मदतीच्या पानांवर ती सांगून ठेवली आहे, आणि त्यामागें गर्दी टाळण्याचा हेतु आहे. मात्र हा नियम बंद करावयाची कळ सेटिंगमध्यें दिलेली नाहीं. पत्र वाचण्यासाठीं आपण थंडरबर्डसारखा दुसरा कार्यक्रम वापरला, तरीही उपयोग होत नाहीं. कारण ही निवड आपल्या घरच्या यंत्रांत होत नसून सेवेच्या यंत्रांतच होऊन गेलेली असते. दुसऱ्या एखाद्या सभासदानें उत्तर धाडलें म्हणजे मग सारें संभाषण इनबॉक्समध्यें वर येतें, आणि त्यांत आपलें पत्र दिसतें. पण तेंही आपल्या हातून गेलेलें मूळ पत्र असतें; यादीनें वांटलेली प्रत तें नव्हे.

या नियमाला कांहींच आधार नाहीं, असें कोणी म्हणूं नये. एकच पत्र दोन यादींवर गेलें आणि आपण दोन्ही यादींत असलों, तर तोच मजकूर दोनदां वाचावा लागूं नये ही सोय चांगलीच आहे. रोज शेंपन्नास पत्रें ज्याच्याकडे येतात, त्याला स्वतःच्याच लेखणीचे शब्द पुन्हां समोर आलेले नको असतात. बहुतेकांच्या बहुतेक दिवसांची गैरसोय या नियमानें टळते, हें मान्य करावयास हवें. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं परत आलेली प्रत ही खरोखर पुनरावृत्ति आहे काय?

एक उदाहरण घेऊं. समजा, पुण्यांतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस वार्षिक सभेची सूचना सभासदांच्या यादीवर धाडीत आहेत. सूचना ठरलेल्या मुदतीच्या आधीं सर्वांना मिळणें जरूर आहे. न मिळाली तर सभेंतले ठराव वादग्रस्त होतील, आणि ज्यांना इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च द्यावयाचा आहे ते आधीं सूचनेवरच बोट ठेवतील. चिटणिसांनीं सूचनेच्या कागदाचें चित्र काढून तें पत्राला जोडलें, आणि पाठविण्याची कळ दाबली. पत्र 'सेंट' कप्प्यांत दिसलें. जावक वहींत नोंद झाली.

आतां या पत्राच्या दोन गति संभवतात. पहिली अशी कीं, यादीनें तें स्वीकारलें आणि सर्वांना वांटलें. दुसरी अशी कीं, यादीनें तें अडवून ठेवलें. मेलमनमध्यें चालकानें वेगळा आंकडा घातला नसेल, तर पत्राच्या आकाराची मर्यादा ४० किलोबाइट असते. कागदाच्या एका साध्या चित्राचा आकार त्याच्या कितीतरी पट होतो. मर्यादेबाहेरचें पत्र चालकाच्या संमतीसाठीं थांबून राहतें. तसें कळविणारी चिठी पाठविणाऱ्याकडे जाते, पण ती चालकानें बंद केलेली असूं शकते, किंवा स्पॅमच्या कप्प्यांत पडून राहूं शकते. चालक गांवाला गेलेले असले, तर सूचना तशीच पडून राहणार.

चिटणिसांच्या पडद्यावर या दोन गतींमध्यें काय फरक दिसेल? कांहींच नाहीं. सूचना सर्वांना मिळाली असेल तरी इनबॉक्समध्यें प्रत नाहीं; कोणालाच मिळाली नसेल तरी इनबॉक्समध्यें प्रत नाहीं. परत येणारी प्रत दिसत असती, तर तिच्या येण्यानें एक गोष्ट कळली असती आणि तिच्या न येण्यानें दुसरी. प्रतच नजरेआड केल्यामुळें यश आणि अपयश या दोहोंचें तोंड एकसारखें झालें. माझ्या मतें या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. सेवेनें गाळला तो नुसता जादा कागद नव्हता. पोचपावतीचें कार्डच गाळलें गेलें.

बरें, पोच बाजूला ठेवली, तरी मजकूर तरी तोच असतो काय? तोही नसतो. यादी पत्राच्या विषयापुढें कंसांत आपलें नांव घालते. शेवटीं तळटीप जोडते. चालकानें तसें ठरविलें असेल तर जोडपत्रें काढून टाकते. चिटणिसांच्या 'सेंट' कप्प्यांत सूचना जोडपत्रासह दिसत असेल, आणि सभासदांना मिळालेल्या प्रतींत जोडपत्राचा पत्ताच नसेल. इतरांनीं काय वाचलें, हें पाठविणाऱ्याला केवळ परत आलेल्या प्रतीवरूनच पाहतां आलें असतें. खूण एक असली म्हणून वस्तु एक होत नाहीं. छापखान्यांत गेलेलें हस्तलिखित आणि छापून आलेला लेख यांचा मथळा एकच असतो. पण मुद्रितांतल्या चुका पाहण्यासाठीं लेखकाला छापील अंकच उघडावा लागतो.

यादी पत्रांत बदल करते, या गोष्टीचे परिणाम किती दूर पोंचतात, याचा अनुभव २०१४ च्या एप्रिलमध्यें आला. पत्रावरचें पाठविणाऱ्याचें नांव खोटें घालून फसवणूक करणारे लोक पुष्कळ वाढले होते. त्यांना आळा घालण्यासाठीं पत्र निघतांना त्यावर एक सांकेतिक मोहर उमटवावयाची, आणि घेणाऱ्या सेवेनें ती पडताळून पहावयाची, अशी योजना रूढ झाली होती. याहूनें त्या महिन्यांत जाहीर केलें कीं, पाठविणाऱ्याच्या जागीं आमचा पत्ता असून जें पत्र या कसोटीला उतरणार नाहीं, तें सरळ नाकारावें. हेतु रास्त होता. परंतु यादीनें विषयांत एक शब्द घातला किंवा शेवटीं तळटीप जोडली, कीं मोहर जुळेनाशी होते. आणि पत्र यादीच्या यंत्रांतून आलेलें असल्यामुळें तें याहूच्या यंत्रांतून आलें असेंही सिद्ध होत नाहीं. परिणाम असा झाला कीं, याहूच्या एखाद्या सभासदानें यादीवर पत्र लिहिलें म्हणजे दुसऱ्या सेवांवरील सभासदांकडे धाडलेल्या त्याच्या प्रती नाकारल्या जाऊन परत येऊं लागल्या. यादीच्या यंत्राला वाटलें कीं, या सभासदांचे पत्तेच बिघडले आहेत. आणि त्यानें त्या निरपराध माणसांचीच टपाल बंद केली! लिहिणारा एक, नाकारणारा दुसरा, आणि शिक्षा तिसऱ्याला, असा तो न्याय होता.

त्यानंतर अनेक यादींनीं तोडगा काढला. पाठविणाऱ्याच्या जागीं यादीचाच पत्ता घालावयाचा आणि लेखकाचें नांव 'अमुक यांचें, अमुक यादीमार्फत' अशा रीतीनें दाखवावयाचें. मधल्या यंत्रांनीं मोहरेची साखळी जपावी म्हणून २०१९ सालीं आणखी एक पद्धत प्रसिद्ध झाली. हे उपाय आवश्यक होते. पण त्यांमुळें परत येणारी प्रत मूळ पत्रापासून आणखी एक पाऊल दूर गेली. आतां तिच्यावर लेखकाचा पत्ताही असेलच असें नाहीं. आणि सभासदानें घाईनें उत्तर दिलें, तर तें लेखकाला खासगी जाईल कीं साऱ्या यादीला जाहीर होईल, हें त्या प्रतीच्या माथ्यावरील ओळींवरच अवलंबून असतें. ज्यानें मूळ पत्र लिहिलें, त्यालाच त्या ओळी दिसत नाहींत.

मग गृहस्थानें करावें काय? पहिली गोष्ट ही, कीं प्रत दिसली नाहीं म्हणून घाबरून तेंच पत्र पुन्हां धाडूं नये. दुसऱ्यांदां धाडलेल्या पत्रावर नवी खूण पडते. म्हणून इतर सर्वांना सूचना दोनदां मिळते, आणि धाडणाऱ्याला मात्र दोहोंपैकीं एकही परत दिसत नाहीं. तिसऱ्यांदां धाडल्यास काय होईल, तें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, यादीचें दप्तर पहावें. बहुतेक यादी आलेल्या पत्रांचा संग्रह एका पानावर ठेवतात. तेथें आपलें पत्र दिसलें, तर यादीनें तें स्वीकारलें असें निश्चित समजावें. आणि तें कोणत्या स्वरूपांत ठेवलें गेलें, हेंही तेथेंच पहावें. तिसरी गोष्ट, पोच मागून घ्यावी. मेलमनमध्यें 'माझें पत्र मिळाल्याची पोच पाठवा' अशी निराळी सोय आहे. ती आपण मागितल्याशिवाय चालू नसते, म्हणून पुष्कळांना तिचा पत्ताच नाहीं. लिस्टसर्व्हमध्येंही पोच मागण्याची आज्ञा आहे. पोचेचें पत्र हें नवें पत्र असतें, त्याची खूण वेगळी असते, आणि म्हणून जीमेल तें गाळीत नाहीं.

चौथा उपाय मला सर्वांत भरंवशाचा वाटतो. ज्यांच्यावर यादीची जबाबदारी आहे, त्या चिटणिसांनीं किंवा चालकांनीं निराळ्या सेवेवरचा एक दुसरा पत्ता साध्या सभासदाप्रमाणें यादींत घालावा, आणि प्रत्येक महत्त्वाचें पत्र त्या पत्त्यावर उघडून पहावें. त्या खात्यांत मूळ पत्र नसल्यामुळें प्रत नवी म्हणूनच येईल, आणि ती इतर सभासदांना दिसते तशी दिसेल. हेंही शक्य नसेल, तर दोन सभासदांना फोन करून विचारावें. यंत्राच्या युगांतही शेजाऱ्याला हांक मारण्याचा मार्ग बंद झालेला नाहीं! अर्थात् एक प्रत आली म्हणून प्रत्येकाच्या हातीं पत्र पडलें, असें सिद्ध होत नाहीं; एखाद्याच्या स्पॅमच्या कप्प्यांत तें गेलेलें असूं शकतें. पण यादीनें पत्र वांटलें कीं अडविलें, एवढी मोठी शंका तरी फिटते.

श्रोतेहो, पत्र न दिसण्याची ही गोष्ट लहान आहे. पण तिच्यामागील विचार लहान नाहीं. सेवा चालविणाऱ्यांनीं आपल्या सोयीसाठीं निवड करावी, यांत गैर कांहीं नाहीं. आपल्याला नको असलेलें त्यांनीं दूर ठेवावें, म्हणूनच तर आपण त्यांच्याकडे जातों. परंतु निवडणारा आणि ज्याच्यासाठीं निवडावयाचें तो, यांच्यांत एक समज असावी लागते. घरांतला जुना विश्वासू नोकर आलेल्या टपालांतून जाहिरातींचे कागद बाजूला काढतो, त्याबद्दल आपण त्याचे उपकार मानतों. पण सही होऊन आलेलें पोचेचें कार्ड त्यानें 'हें तर आपल्याच पत्राचें आहे' म्हणून केरांत टाकलें, आणि टाकल्याचें सांगितलेंही नाहीं, तर त्याला दोन शब्द सांगावे लागतात. या नव्या नोकराला आपण समोर बसवून कांहीं सांगूं शकत नाहीं. म्हणून त्याची रीत आपणच ओळखून असावें.

ती रीत ध्यानांत ठेवावयाची, तर एकच गोष्ट पुरे आहे. 'सेंट' कप्पा ही जावक वही आहे. तिच्यांतली नोंद आपण बोललों एवढेंच सांगते. ऐकणाऱ्यांच्या कानीं तें पडलें कीं नाहीं, आणि पडलें तें कोणत्या शब्दांत, हें ती सांगूं शकत नाहीं. ज्या पत्रावर चार माणसांचा पैसा, हक्क किंवा वेळ अवलंबून आहे, त्याची पोच दुसऱ्या वाटेनें मिळविल्याशिवाय तें काम पुरें झालें असें समजूं नये.